ताईचा प्रश्न : चार जास्तीची चाकं कशाला?

माझी थोरली बहीण लेकीच्या बाळंतपणासाठी मॉन्ट्रियलला गेली होती. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. नातवाऐवजी तिने मला गॅरेजचा कोपरा दाखवला. "अरे, ही बघ. चार चाकं रचून ठेवलीत, रिमसकट. जावई म्हणतात, आता ही गाडीला बसवायची आणि गाडीची काढून इथे ठेवायची. गाडीची तर चांगली नवीकोरी दिसतायत. मग हे काय, टायरांचं सोवळं-ओवळं?"

मी हसलो, पण ताईचा प्रश्न चुकीचा नव्हता. तिचं घर चिपळूणला. तिथे चार महिने पाऊस अंगणात मुक्कामाला असतो, कुंभार्ली घाटात पाच हातांवरचं दिसत नाही, आणि तरीही तिच्या गाडीला बारा महिने तेच चार टायर असतात. मग मॉन्ट्रियलच्या गाडीला दोन संच का? क्युबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. पाणी आणि बर्फ एकाच द्रव्याची दोन रूपं. टायरला त्यांत एवढा कसला फरक वाटतो?

१. चार पोस्टकार्डं

आधी एक छोटं गणित. समजा, माणसांसकट गाडीचं वजन १२०० किलो आहे. चार चाकांवर ते सारखं वाटलं तर एका चाकावर ३०० किलो येतात. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. हे वजन मुख्यतः हवाच पेलते, त्यामुळे ३०० ला सव्वादोनने भागलं की टायरचा किती भाग रस्त्याला टेकलाय ते ढोबळमानाने कळतं : सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर.

टपाल खात्याचं पोस्टकार्ड आठवतंय? ते साधारण तेवढंच, किंचित लहान. म्हणजे तुमची गाडी, तुम्ही, बायकामुलं आणि डिकीतलं सामान हे सगळं मिळून रस्त्याला धरून असतं ते चार पोस्टकार्डांवर. ब्रेक कितीही भारी असोत, गाडीत कितीही इलेक्ट्रॉनिक करामती असोत, त्यांचं जे काही चालतं ते या चार पोस्टकार्डांपुरतंच. टायर निवडणं म्हणजे या पोस्टकार्डांवर काय लिहायचं ते ठरवणं.

२. खेळपट्ट्या मोजू या

आता ही पोस्टकार्डं रस्त्याला किती घट्ट धरतात? कोरड्या डांबरावर चांगला टायर स्वतःवरच्या वजनाच्या साधारण ७० टक्के जोराने रस्ता धरतो. ओल्या डांबरावर हा आकडा ४० च्या आसपास येतो. दाबल्या गेलेल्या हिमावर २०, आणि काचेसारख्या बर्फावर जेमतेम १०. रस्ता, टायर आणि तापमान यांप्रमाणे हे आकडे पुढेमागे होतात, पण उतरंड अशीच राहते.

ताशी ६० किलोमीटरने जाताना ब्रेक दाबला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबते. क्रिकेटची एक खेळपट्टी म्हणा. ओल्या रस्त्यावर ३५ मीटर, म्हणजे पावणेदोन खेळपट्ट्या. हिमावर ७० मीटर, साडेतीन खेळपट्ट्या. काचेसारख्या बर्फावर १४० मीटर, चक्क सात. आणि हे पाय ब्रेकवर पडल्यानंतरचं अंतर. पाय तिथे पोचायला एक सेकंद गेला, तर तेवढ्यात आणखी १७ मीटर मागे पडलेले असतात.

म्हणून फोर बाय फोर गाडीवाल्यांचा मला जरा राग येतो. सगळ्यांचा नाही, 'आपल्याला काय, चारही चाकांना ताकद आहे' म्हणणाऱ्यांचा. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी बर्फातून निघते खरी. पण ब्रेक तर साध्या गाडीचेही चारही चाकांना असतात. थांबायची वेळ आली की दोघांच्या हातात तीच चार पोस्टकार्डं.

३. दर सेकंदाला एक बादली

आधी पाणी बघू, कारण ते आपल्या घरचं आहे.

ओल्या ओट्यावर ठेवलेलं स्टीलचं सपाट बुडाचं पातेलं कधी नुसत्या बोटाने सरकवून पाहा. भांड्याच्या आणि ओट्याच्या मध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, आणि भांडं ओट्यावर नसून पाण्यावर बसलेलं असतं. वेगातल्या टायरचंही तेच होऊ शकतं. समोरचं पाणी वेळेत बाजूला झालं नाही, तर टायरच्या पुढे पाण्याची पाचर तयार होते, ती टायरखाली शिरते आणि टायरला उचलते. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. वळवलं तर गाडी वळत नाही. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात; आपण 'गाडी पाण्यावर तरंगली' म्हणू.

पाणी किती बाजूला सारावं लागतं? १९५ मिलिमीटर रुंदीचा टायर, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरा. हिशेब केला तर एकाच टायरच्या वाटेत दर सेकंदाला १३ लिटर पाणी येतं. न्हाणीघरातली बादली जवळजवळ भरते. ती दर सेकंदाला एक, अशी उपसायची आणि कुठेतरी टाकायची.

टायरवरची नक्षी त्यासाठीच असते. गोल फिरत गेलेल्या तीन-चार रुंद खाचा म्हणजे मोठी गटारं. त्यांना येऊन मिळणाऱ्या तिरक्या खाचा म्हणजे गल्लीतल्या नाल्या. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. आपल्याकडे चारचाकीसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचेच्या तळाशी जागोजाग रबराचे छोटे उंचवटे असतात, ते याच उंचीचे. नक्षी झिजून उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. ते सापडत नसतील तर टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा लहानसा बाण शोधा आणि त्याच्या रेषेत वर बघा.

पण १.६ ही 'याच्याखाली गुन्हा' अशी रेषा आहे, 'इथपर्यंत निर्धास्त' अशी नव्हे. गटार अर्धं बुजलं की पहिल्याच मोठ्या सरीला रस्त्यावर पाणी येतं, हे नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. माझ्यापुरता मी नियम केलाय : मे महिन्यात पट्टी घालून खोली मोजायची, आणि ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर पावसाआधी टायर बदलायचे. गॅरेजवाला म्हणतो, 'साहेब, अजून पाच-सहा हजार किलोमीटर आरामात जातील.' जातील ना. कोरड्या रस्त्यावर जातील.

४. 'पावसात हवा थोडी कमी ठेवा'

हा सल्ला मला पंक्चरच्या दुकानांत, पेट्रोलपंपांवर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीतही मिळाला आहे. हवा कमी म्हणजे टायर पसरतो, जास्त भाग टेकतो, म्हणून पकड वाढते, असा त्यामागचा तर्क. वाळूत किंवा चिखलात रुतलेल्या गाडीसाठी तो बरोबर आहे. पाणी साचलेल्या महामार्गावर तो उलटतो.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर याचे प्रयोग केले, कारण ओल्या धावपट्टीवर विमानं घसरत होती. त्यातून एक सोपं सूत्र निघालं. आपल्या एककांत ते असं : हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १६.६ ने गुणा. येणाऱ्या वेगाला, पाणी पुरेसं खोल असेल तर, टायर तरंगू लागतो. ३६ चं वर्गमूळ ६, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर. २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे ८३. हवा कमी केलीत की तरंगण्याचा वेग १७ किलोमीटरने अलीकडे आला. मोटारीचा टायर विमानाच्या टायरपेक्षा रुंद आणि चपटा असतो, आणि झिजलेली नक्षी घात करते ती वेगळीच. त्यामुळे हे आकडे वेदवाक्य मानू नका. मोटार याहून कमी वेगालाही तरंगू शकते. दिशा मात्र पक्की आहे. कंपनीने दाराच्या चौकटीवर जो दाब छापलाय तोच ठेवा, आणि तोही सकाळी, टायर गार असताना मोजा.

याच कारणाने दिसायला रुबाबदार म्हणून रुंद टायर घालणं पावसाळ्यात महागात पडतं. सुपडं जितकं रुंद, तितकं पाणी जास्त.

५. खोबरेल तेल थिजतं तेव्हा

आता ताईच्या गॅरेजकडे परत.

डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजते. तेल तेच, बाटली तीच. पारा खाली गेला एवढंच. रबराचंही असंच होतं, फक्त ते एकदम गोठत नाही, हळूहळू कडक होत जातं. टायरची पकड बरीचशी रबराच्या मऊपणावर अवलंबून असते. डांबर जवळून पाहिलं तर खडबडीत असतं. मऊ रबर त्या खळग्यांत दबून बसतं, कडक रबर टोकांवरून घसरत जातं. जुनी, कडक झालेली स्लिपर घालून ओल्या शहाबादी फरशीवर चाललेल्या कुणालाही हे माहीत आहे.

आपल्याकडे मिळणारे बहुतेक टायर उन्हाळी जातीचे. नागपूरच्या ४५ अंशांत डांबर तापतं तेव्हा टायर लेचापेचा होऊ नये, अशा बेताने त्यांचं रबर घोटलेलं असतं. तेच रबर थंडीत ताठ होतं. युरोपात ७ अंश सेल्सिअस ही ढोबळ रेषा मानतात : दिवसाचं तापमान त्याखाली राहू लागलं की हिवाळी टायर चढवायचे, मग बर्फ पडो वा न पडो. जर्मनीत तर 'ओ ते ओ' असं सांगतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत.

रबर थंडीत मऊ आणि उन्हात घट्ट, असं दोन्ही का करत नाहीत? प्रयत्न चालूच असतात. टायर काळा दिसतो तो काजळीमुळे. रबर मजबूत व्हावं म्हणून ती घालतात. मिशेलिन कंपनीने १९९२ मध्ये त्या काजळीच्या बऱ्याचशा जागी सिलिका, म्हणजे वाळूचीच बारीक पूड, घातलेले टायर बाजारात आणले. त्यांना इंधन कमी लागतं, आणि ओल्यात पकडही चांगली राहते. आजच्या बऱ्याच चांगल्या टायरांत सिलिका असते. तरीही एकच मिश्रण उणे २५ आणि अधिक ४५ या दोन्ही टोकांना खुशीत राहील, हे अजून साधलेलं नाही. हिवाळी टायर पुण्याच्या मे महिन्यात चालवले तर खोडरबरासारखे झिजतील.

६. हिमाचा लाडू

आपल्या बोलण्यात सगळ्यालाच बर्फ म्हणतात : गोळेवाल्याची लादीही बर्फ आणि गुलमर्गला आकाशातून पडतो तोही बर्फ. 'हिम' हा चांगला शब्द आपण कवितेला देऊन टाकला. टायरसाठी मात्र हे दोन वेगळे प्राणी आहेत, म्हणून या भागापुरता मी भुसभुशीत पडतं त्याला हिम आणि काचेसारखं गोठतं त्याला बर्फ म्हणतो.

पाण्याच्या बाबतीत टायरचं धोरण सरळ आहे : गोळा कर आणि फेकून दे. चिखलाचंही तेच. हिमाच्या बाबतीत धोरण नेमकं उलटं. मुठीत हिम दाबलं की लाडू वळला जातो, कारण हिम हिमाला चिकटतं, रबरापेक्षा कितीतरी घट्ट. म्हणून हिवाळी टायरच्या खाचा हिम भरून घेतात आणि धरून ठेवतात. खाचेत दाबून बसलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाला धरतं. हिवाळी टायर हिमाच्या रस्त्यावरून आला आणि त्याच्या नक्षीत पांढरं भरलेलं दिसलं, तर तो साफ करायचा राहिलेला नाही; तो कामावर आहे.

शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर वेड्यावाकड्या बारीक चिरा असतात, सुरीने चिरल्यासारख्या. इंग्रजीत त्यांना 'साइप' म्हणतात, ते जॉन साइप या माणसाच्या नावावरून. रबराला अशा चिरा पाडण्याचं पेटंट त्याला १९२३ मध्ये मिळालं. कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून त्याने बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या, अशी गोष्ट सांगतात. ठोकळा रस्त्यावर दाबला गेला की चिरा उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड हिमात रुतते. एका टायरवर अशा शेकडो कडा.

हिवाळी टायर ही कल्पना फिनलंडची. तिथे १९३४ मध्ये मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर निघाला, दोन वर्षांनी मोटारींसाठी. तो बनवणाऱ्या कंपनीला आज नोकियन टायर्स म्हणतात. गावाचं नाव नोकिया, फोनवालंच.

आणि बर्फ? तिथे चिराही थकतात. गंमत अशी, की उणे २० अंशांतला बर्फ त्या मानाने बरा. सर्वांत निसरडा असतो तो शून्याच्या आसपासचा, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. त्यासाठी फिनलंड-स्वीडनमध्ये खिळ्यांचे टायर वापरतात. ते खिळे रस्ता उकरतात, म्हणून जर्मनीत १९७५ पासून बंदी आहे.

७. टायरच्या कानातलं

दुकानात गेल्यावर विक्रेत्याच्या आधी टायरची बाजू वाचा. २०५/५५ आर १६ म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ५५ टक्के, रेडियल बांधणी आणि १६ इंचांची रिम. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मपत्रिका : ३५२३ असेल तर २०२३ सालचा ३५ वा आठवडा. दुकानातला 'नवा' टायर तीन वर्षांचा निघाला तर निमूट परत ठेवा. वापरातल्या टायरची पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी बदलावा, असं बहुतेक कंपन्या सांगतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

बर्फासाठी दोन खुणा दिसतात. एम आणि एस ही अक्षरं, म्हणजे मड आणि स्नो, चिखल आणि हिम. ही नुसती नक्षीची व्याख्या आहे, तिच्यामागे परीक्षा नाही. कंपनी आपणच छापते. दुसरी खूण तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमफूल. १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या उत्पादकांच्या संघटनांनी ती आणली, आणि ती मिळवायला टायरला हिमावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते. एक खूण म्हणजे शाळेत नाव घातलंय, दुसरी म्हणजे पास झालाय. क्युबेकला डोंगरच लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीतही फक्त डोंगर चालतो, नुसती अक्षरं नाहीत.

८. मग कुणी काय घ्यावं?

मॉन्ट्रियल, मिनिआपोलिस, म्युनिक इथे राहणाऱ्या भाचरांनी : दोन संच. खर्च दुप्पट वाटतो, पण एक संच गाडीला असताना दुसरा झिजत नाही. चारही चाकांना हिवाळी टायर, दोनच नव्हे. लंडनसारख्या ठिकाणी, जिथे थंडी बेताची आणि हिम क्वचित, तिथे डोंगराची खूण असलेला ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायर पुरतो. तो दोन्ही बाजूंनी थोडा थोडा कमी पडतो, हे मान्य करून घ्यायचा.

चिपळूण, आंबोली, महाबळेश्वर, पणजी : उन्हाळी टायरच, पण ओल्या रस्त्यावर पकड चांगली असलेला. रुंद सरळ खाचा तीन-चार हव्यात. कंपनीने दिलेलं माप सोडू नये. थारवाले हौसेने मोठाल्या ठोकळ्यांचे चिखलाचे टायर लावतात. शेताच्या बांधावर ते राजे, पण ओल्या डांबरावर आणि बर्फावर सामान्य, कारण ठोकळे मोठे आणि चिरा नावाला. पहिल्या पावसाला टायर कोणताही असो, गाडी हळू. महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ त्या दिवशी रस्त्यावर राबडीसारखी पसरते. दोन-तीन चांगल्या सरींनी ती वाहून जाते.

आणि पुण्याहून गाडी घेऊन जानेवारीत मनाली? चार दिवसांच्या बर्फासाठी हिवाळी टायर घेण्यात अर्थ नाही. तिथल्या चालकांसारख्या साखळ्या घ्या, आपल्या मापाच्या, आणि घरच्या अंगणात दोनदा चढवून-उतरवून बघा; गारठलेल्या बोटांनी अटल बोगद्याच्या तोंडाशी पहिला धडा घेऊ नका. साखळ्या ताकद मिळणाऱ्या चाकांना, म्हणजे बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या. वेग साधारण ४० च्या आत, आणि बर्फ संपला की लगेच काढायच्या. पोलीस फोर बाय फोरखेरीज पुढे सोडत नसतील तर वाद न घालता स्थानिक गाडी करा. टंगमर्गहून गुलमर्गला चढतानाही तेच शहाणपणाचं.

९. दोनच नवे घेतले तर

हा प्रश्न चिपळुणातही येतो, मॉन्ट्रियललाही. पुढचे टायर लवकर झिजतात म्हणून नवे दोन पुढे घालावेत, असं वाटतं. पण नवे मागे घाला आणि मागचे पुढे आणा. ओल्या वळणावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जायला बघते; वेग कमी केला की बहुधा परत हाताशी येते. मागची सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "ही काढलेली चार ठेवताना कुठलं कुठचं ते कसं कळणार?" म्हटलं, खडूने लिहून ठेवायचं. एप्रिलमध्ये भाचीने फोटो पाठवला. गॅरेजच्या कोपऱ्यातली चाकं पुन्हा बाहेर निघत होती, आणि काळ्या रबरावर ताईच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'पुढचं डावं', 'मागचं उजवं'. टायर बसवायला आलेला क्युबेकचा मेकॅनिक ती अक्षरं डोकं तिरकं करून वाचायचा प्रयत्न करत होता.